घेवड्याचे डबे

टोमॅटोचे शेंडे वळू लागले तेव्हा तिने आधी उन्हाला दोष दिला, मग पाण्याला, मग नवऱ्याला. नवऱ्याला दोष देणं सगळ्यात सोयीचं होतं. तो हाकेच्या अंतरावर असायचा, आणि उलटून बोलला तरी त्याचं कुणी मनावर घेत नसे.

"ठिबकच्या नळ्या नीट बघितल्यात का?" ती ओळीतूनच ओरडली.

"बघितल्या."

"सगळ्या?"

"एकेक भोक टाचणीने मोकळं केलंय. आता मी स्वतः थेंब थेंब गळू का?"

कमरेत वाकून ती काठीला रोप बांधत चालली होती. करंगळीत सुतळीचा गुंडा, दातांत कापलेले तुकडे. टोमॅटोचा काळपट हिरवा डाग हंगामभर तिच्या बोटांवरून जात नसे. आज इतक्या ओळी होऊनही बोटं म्हणावी तशी माखली नव्हती. माखायला पानं तर हवीत. नवी पालवी आत आत गुंडाळली जात होती, अगदी घट्ट सुरळी. एक सुरळी तिने नखाने उलगडायला घेतली तर ती मोडून हातात आली.

गावात या घराला 'टोपलीवाले' म्हणत, आणि म्हणताना जरा हसत. जवळच्या शहरातल्या बेचाळीस घरांनी हंगामाच्या आधीच त्यांच्या शेतात वाटा घेतला होता. दर शनिवारी शेतातून जे निघेल त्याचे बेचाळीस सारखे भाग करायचे, वेताच्या टोपल्यांत भरायचे आणि शहरातल्या बेकरीच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवायचे. जास्त निघालं तर जास्त, कमी निघालं तर कमी. बाजारातून आणून भर घालायची नाही आणि शेतात औषध मारायचं नाही, या दोन अटी. वाटेकरी रिकामी टोपली परत आणत ती भाजीची सालं नि देठं भरून, खतासाठी. चार वर्षं हे सुरळीत चाललं होतं. वाटेकऱ्यांना सगळ्यात जास्त ओढ असायची ती टोमॅटोची. त्यासाठीच अर्धे लोक वाटा घेत, उरलेल्या वेळी पालक-मुळा सोसत.

त्या शनिवारी टोपलीत मुळा होता, पालक होता, कांद्याची पात होती आणि पुन्हा थोडा मुळा होता.

बेकरीवाली बाई टोपल्या मोजून घेताना म्हणाली, "ताई, टोमॅटो कधी? लोक माझंच डोकं खातात."

"येतील. जरा उशीर आहे यंदा."

हे बोलताना तिचा आवाज बारीक झाला. खोटं बोलत होती असं नाही, पण खरं काय ते तिलाही माहीत नव्हतं.

*

सोमवारी ती एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून बियाणेवाल्याच्या दुकानात गेली. नवरा आला, पण पायरीवरच थांबला. या दुकानात त्यांना फारसा मान नव्हता. बियाण्यापलीकडे ते इथून कधी काही घेत नसत, आणि ते घेत नाहीत हे चार लोकांत सांगायची नवऱ्याला हौस होती.

बियाणेवाल्याने फांदी उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. ती गिऱ्हाइकं जायची त्याने वाट पाहिली असती तर बरं झालं असतं.

"रोग नाही हा. तणनाशक आहे."

"आमच्या शेतात?" नवरा पायरीवरून एकदम आत आला. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं आहे. टोमॅटोला विचारा." एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. मग बियाणेवाला थोडा मऊ झाला. "वहिनी, खत कुठलं टाकलंत?"

"शेणखत. घरचंच म्हणा."

"गुरं काय खातात?"

"वाळलं गवत. विकतचं."

"हल्ली कुरणावर मारतात एक औषध," तो म्हणाला. "रुंद पानाचं तण मरतं, गवताला काही होत नाही. तेच वाळवून विकतात. गुरं खातात, गुरांनाही काही होत नाही. पण ते शेणातून जसंच्या तसं उतरतं. टोमॅटो, घेवडा, वाटाणा, सगळं असं वाकडं होतं. मागच्या वर्षी एकाचं अख्खं शेत गेलं."

खत तिच्या भावाच्या गोठ्यातलं होतं.

भाऊ तिच्याहून सात वर्षांनी मोठा, बावीस गुरांचा गोठेवाला. स्टीलच्या कॅनमधून दूध घालायचा, प्लास्टिकची पिशवी त्याच्या दारात चालत नसे. त्याच बेकरीत त्याचं दूध जाई, तिचे बरेचसे वाटेकरी तेच दूध पीत. 'विषमुक्त गोठा' हा त्याचा बोर्ड तिच्याच नवऱ्याने रंगवला होता, कारण घरात अक्षर त्याचं बरं. लावणीच्या आधी भावाने चार ट्रॉल्या शेणखत स्वतः आणून टाकलं होतं. "बहिणीला काय विकायचं," म्हणाला होता. पुढचे दोन महिने तिने येणाऱ्या-जाणाऱ्याला ते खत दाखवलं. इतकं, की शेवटी सासरा म्हणाला होता, "सूनबाई, तुझ्या माहेरची गुरं काय अत्तर लावून बसतात का गं?"

घरी पोचल्यावर ती तडक शेतात गेली. टोमॅटोच्या अठरा ओळी होत्या. सोळा ओळींना खत पुरलं होतं, शेवटच्या दोन ओळींना कमी पडलं होतं. तेव्हा ती हळहळली होती. आता त्या दोन ओळींपुढे ती उभी राहिली. रोपं बारकी होती, फिकट होती, पण पान अन् पान उघडं होतं. ती बांधावर बसली ती नवरा बोलवायला येईपर्यंत.

*

"असं नाही ठरवायचं," सासरा म्हणाला. "बियाणेवाला काय देव आहे? डबे लावा."

म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते, शेतात त्याला उतरवत नसे, पण ओट्यावर बसून हुकूम सोडायला गुडघे लागत नाहीत. पत्र्याचे सहा रिकामे डबे त्याने पुढ्यात मांडून घेतले, खिळ्याने बुडाला भोकं पाडली. तीन डब्यांत नुसती माती, तीन डब्यांत मातीत कालवलेलं ते खत. प्रत्येकात घेवड्याचे चार दाणे. मग कुंपणाच्या भिंतीवर एका रांगेत ठेवून दिले.

"बारा दिवस," तो म्हणाला. "तोवर कुणी कुणाच्या भावाचं नाव घ्यायचं नाही."

बारा दिवस म्हणजे दोन शनिवार. पहिल्या शनिवारी टोपलीत परत मुळा. एका वाटेकरणीने टोपली उचलून हलवून पाहिली, वजन करावं तशी, आणि काही न बोलता नेली. बोलली असती तरी चाललं असतं. त्याच दिवशी बेकरीच्या दाराशी कापडी पिशव्यांची चळत दिसली. प्रत्येकीवर शाईचा ठसा: विषमुक्त शेणखत, कुंड्यांसाठी.

"तुमच्या दादांनी ठेवल्यात," बेकरीवाली खुशीत म्हणाली. "गच्चीवर भाज्या लावतात ना आजकाल लोक. मीही दोन घेतल्या."

ती घरी आली आणि डब्यांना पाणी घालत बसली. दिवसातून एकदा घालायचं, ती तीनदा घालू लागली. सासरा ओरडला, "कुजवशील!"

आठव्या दिवशी कोंब आले, सगळ्या डब्यांत. तिचा जीव भांड्यात पडला. दहाव्या दिवशी मातीच्या डब्यांतली पानं तळहातासारखी उघडली. खताच्या डब्यांतली उघडलीच नाहीत. बाराव्या दिवसापर्यंत ती आणखी आत वळली, देठ पिळल्यासारखे झाले. तीन सरळ, तीन वाकडे. भिंतीवर एका रांगेत.

नवरा कमरेवर हात ठेवून बघत होता. "वाटेकऱ्यांना सांगावं लागेल."

"काय सांगायचं?"

"खत खराब निघालं म्हणून."

"कुणाचं विचारलं तर?"

"तुझा भाऊ," तो म्हणाला. "तू ठरव."

तिला त्याचा असा राग आला की विचारू नका. एरवी बियाण्याच्या पुडीपासून पंपाच्या वायरपर्यंत सगळं तो ठरवी, आणि नेमकं हे तिच्या पदरात टाकून मोकळा झाला. पण तो तरी दुसरं काय म्हणणार होता?

*

आधी भावाला सांगावं म्हणून ती शुक्रवारी गोठ्यावर गेली. भाऊ उकिडवा बसून कॅन घासत होता. तिला बघून चेहरा उजळला.

"ये चिमणे. टोमॅटो आणलेस?"

"दादा, तू गवत कुणाकडून घेतोस?"

"का, तुला गुरं पाळायचीत?"

तिने सगळं सांगितलं. बियाणेवाला, शेवटच्या दोन ओळी, डबे. तो ऐकता ऐकता कॅन घासत राहिला, मग थांबला.

"माझ्या एका गुराला खोकला तरी झाला का?"

"गुरांना होत नाही म्हणतात."

"म्हणतात! कोण म्हणतं? ज्याच्याकडून तुम्ही बियाण्याशिवाय आजवर काही घेतलं नाही तो म्हणतो, आणि तुम्हाला खरं वाटतं."

"तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. गवतवाल्याने तुला सांगितलं नसेल. तू विचारलंस का कधी?"

"बोर्ड वाच तो. तुझ्या नवऱ्याच्या हातचा आहे." त्याचा आवाज चढला तशी दोन गुरं मान वळवून बघू लागली. "पीक नाही साधलं, तर माझ्या शेणावर खापर? चार ट्रॉल्या फुकट टाकल्या, त्याचं हे?"

"पिशव्या तरी थांबव दादा. खात्री होईपर्यंत."

"बघू."

"तूही डबे लाव. सहाच. बारा दिवस लागतात."

"मला बारा दिवस रिकामे नाहीत."

तिने येताना कागदाच्या पुडीत घेवड्याचे दाणे आणले होते. ती पुडी तिने गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवली. त्याने तिकडे पाहिलं नाही. "चहा घेऊन जा," असंही म्हणाला नाही, आणि असं आजवर कधी झालं नव्हतं.

*

शनिवारी टोपल्यांबरोबर तिने दोन डबे नेले, एक सरळ आणि एक वाकडा, आणि बेकरीच्या मागच्या खोलीत टेबलावर ठेवले. काय बोलायचं ते तिने पाठ केलं होतं: खत बाहेरून आणलं, ते खराब निघालं, यंदा टोमॅटो नाहीत, माफ करा. एवढंच. नाव कशाला हवं?

लोक येऊ लागले. भट्टीची ऊब त्या खोलीपर्यंत येत होती, आणि ताज्या पावाचा वास. तिने सांगायला सुरुवात केली आणि पंधरा-वीस माणसं टेबलाभोवती जमली.

"म्हणजे टोमॅटो नाहीतच?" एक जण.

"नाहीत. त्या जागेत पुढच्या वर्षीही येतील की नाही, सांगता येत नाही."

"मग आम्ही वाटा कशाचा घेतला?"

यावर वाटेकऱ्यांतले एक निवृत्त मास्तर पुढे आले. "जे निघेल त्याचा. असंच ठरलं होतं ना? शेती आहे ही, दुकान नाही." दोन-चार माना डोलल्या. तिला मास्तरांचे पाय धरावेसे वाटले. मास्तरांच्या एका हातात टोपली होती. दुसऱ्या काखेत शेणखताची कापडी पिशवी.

त्याच वेळी मागच्या दाराने तिचा भाऊ दुधाचे कॅन घेऊन आत आला. गर्दी बघून तो उंबऱ्यातच थांबला.

मास्तर निघाले. त्यांच्या गच्चीवर घेवड्याचा मांडव होता, मागच्या वर्षी त्यांनी तिला मुद्दाम बोलावून दाखवला होता. बायको गेल्यापासून त्यांचं मन तिथेच रमे. ती पिशवीकडे बघत राहिली. पाठ केलेलं सगळं संपलं होतं.

"मास्तर, ती पिशवी खाली ठेवा."

"का हो?"

"तेच खत आहे ते. माझ्या भावाच्या गोठ्यातलं. बाकी कुणी नेलं असेल त्यांनीही टाकू नका. टाकलं असेल तर काढून टाका."

बेकरीवालीने दाराकडे बघितलं आणि तिच्यामागोमाग सगळ्यांनी बघितलं. भाऊ दोन्ही हातांत दोन भरलेले कॅन धरून उभा होता. खाली ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं.

"आणि दूध?" एका बाईने विचारलं. ती विचारत होती हिला, भावाला नाही.

नुसतं "दूध चांगलं आहे" म्हटलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. तीन शब्द. पण ते तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं बोलून ती एकदा या खोलीत फसली होती.

"दुधाचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "खताचं माहीत आहे, तेवढं सांगितलं."

भावाने कॅन खाली ठेवले नाहीत. "कालचे रिकामे द्या," तो बेकरीवालीला म्हणाला. तिने दिलेले काखेत धरून, भरलेले तसेच हातात घेऊन तो मागच्या दाराने निघून गेला. जाताना कॅनची कड चौकटीला लागली आणि उंबऱ्यावर दूध सांडलं. बेकरीवालीने पोतेरं आणलं. तिने ते बेकरीवालीच्या हातातून घेतलं आणि स्वतः पुसलं.

*

पुढच्या शनिवारी बेचाळीसपैकी एकोणतीस टोपल्या गेल्या. न आलेल्या तेरांत मास्तर होते. त्यांनी चिठ्ठी पाठवली होती, तब्येतीचं कारण होतं. नवरा म्हणाला, "बरं झालं, ओझं कमी." आणि मग दिवसभर तो तिच्या नजरेला नजर देईना.

सोळा ओळी उपटल्या. काठ्या काढून बांधावर रचल्या, सुतळ्या सोडवून पुन्हा गुंडाळल्या. मग फावड्याने वरची चार बोटं माती ओढायची आणि घमेल्याने कोपऱ्यात नेऊन टाकायची. एक ओळ करायला दोघांना दीड दिवस लागे. तळहाताचे फोड फुटून पुन्हा आले. सकाळी उठताना तिला आधी एक कोपर टेकावं लागे, मग दुसरं, मग भिंत.

रोज सकाळी भावाकडून येणारं दूध तर ती बेकरीत बोलली त्या शनिवारपासूनच बंद झालं होतं. दुसरीकडून घ्यायला तिचं मन होईना आणि घरात कुणी सुचवलंही नाही. काळा चहा होऊ लागला. सासरा पहिल्या दिवशी म्हणाला, "हा चहा आहे की काढा?" तिचा चेहरा बघून दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने पिऊ लागला.

खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. तिला तसं जराही वाटलं नव्हतं. ऐकू यायचं ते सगळं वाईटच होतं. बेकरीवालीने दूध निम्मं केलं, कुणी दुसरा दूधवाला लावला. माती ओढताना तिच्या डोळ्यांपुढे एकच यायचं, दोन्ही हातांत कॅन घेऊन उंबऱ्यात उभा राहिलेला तो. लहानपणी ओढा ओलांडताना त्याच हातांनी तो तिला उचलून घ्यायचा. आपण आपलं माहेर आपल्या हाताने बुडवलं, असं तिला वाटे, आणि तरी तो शनिवार पुन्हा आला असता तर दुसरं काय केलं असतं, हेही सुचत नसे.

दूध बंद झाल्याच्या सोळाव्या दिवशी सकाळी, नववी ओळ चालू असताना, बांधाशी ट्रॅक्टर येऊन थांबला. मागे रिकामी ट्रॉली. भाऊ उतरला. बसायच्या जागेशेजारून त्याने दोन्ही हातांनी काहीतरी सावकाश उतरवलं. पेंडीचा पत्र्याचा डबा होता, वरून कापलेला. तो घेऊन तो कुंपणाच्या भिंतीपाशी गेला आणि तिच्या डब्यांच्या रांगेत शेवटी ठेवला. घेवड्याची चार रोपं होती त्यात. चारही आत वळलेली.

ती फावड्यावर रेलून उभी राहिली.

"तुला खोटं पाडायला लावले होते," भाऊ भिंतीकडे बघत म्हणाला. "सहा लावले."

"मग?"

"तीन सरळ आले."

नवऱ्याने घमेलं खाली ठेवलं. भावाने ट्रॉलीचं फळकं पाडलं, आतून फावडं काढलं आणि कोपऱ्यातल्या मातीच्या ढिगाला हात घातला. "माझ्याकडे नेतो," एवढंच म्हणाला. "गवताला नि मक्याला काही होत नाही म्हणे. मका लावीन, पण विकायचा नाही. पिशव्या परत घेतल्यात सगळ्या, घरोघर जाऊन. मास्तरांकडे आधीची एक होती, त्यांनी आत बोलावलं नाही, दारातूनच दिली."

ती त्याच्या समोरच्या बाजूने ढीग भरू लागली. दोन फावडी एकाआड एक पडत होती. ट्रॉली निम्मी झाली तेव्हा ओट्यावरून सासऱ्याने हाक दिली, "सूनबाई, पाहुण्याला चहा!"

तिचा हात थांबला. मग ती घरात गेली आणि रोजच्यासारखा काळाच केला. दुसरा करायला काही नव्हतंच. भावाने ग्लास घेतला, आत बघितलं. गोठ्यात जन्म गेलेला माणूस, दुधात पाणी दिसलं तरी नाक मुरडणारा.

"किती दिवस असा?"

"सोळा."

त्याने तो उभ्याउभ्या संपवला, तळाशी राहिलेली पूडसुद्धा तोंडात जाईपर्यंत, आणि रिकामा ग्लास तिच्या हातात दिला.

"भाऊजी," तो मग नवऱ्याला म्हणाला, "बोर्ड उतरवलाय मी. नवा रंगवून द्या."

"काय लिहू?"

भाऊ जरा वेळ फावड्याच्या दांड्यावरची माती अंगठ्याने खरवडत राहिला.

"दूध," तो म्हणाला. "एवढंच लिहा. चल चिमणे, ऊन चढायच्या आत ही खेप मारू."